चौथा रकाना

पुन्ता अरेनासच्या कोर्टात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या तोंडचं टाइप केलं.
कुणाला रडू फुटलं तर कंसात दोन शब्द: साक्षीदार रडतो.
रडण्याला वेगळा परिच्छेद नसतो.

निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात
माझ्यावर खटला उभा राहिला.
पहाटे चारला पुकारा व्हायचा,
मिर्ता वुकासोविच, हाजिर हो!
फिर्यादी मीच, न्यायाधीश मीच,
वकील मात्र कुणीच नाही.

आरोप तसे किरकोळ.
की बेकरीतली बाई माझ्याकडे बघून हसली.
की इव्हान्काचा आन्तोफागास्ताहून
दोन रविवार फोन नाही, म्हणजे मी लेकीच्या गळ्यातली धोंड.
की छाती धडधडतेय, म्हणजे आता पडणार,
भर रस्त्यात, तोंडावर, पावाच्या पिशवीसकट.

मी उंबरा ओलांडणं सोडलं.
शेजारचा ओस्वाल्दो पाव आणून दारात ठेवायचा
आणि त्याची पावलं विरेपर्यंत
मी आत श्वास धरून उभी.

दवाखान्यातली मिल्याराय माझ्या लेकीहून लहान.
नखांना हिरवा रंग, पायाशी हीटर, समोर चौकटीची वही.
मला वाटलं, ही आता आईबद्दल विचारणार.
उत्तरं मी घरून घोकून नेली होती.
तिनं नुसत्या तीन रेघा ओढल्या.
काय घडलं.
मनात काय आलं.
किती टक्के खरं वाटतं.
आणि चौथ्या रकान्यावर: पुरावा.

मी हसले, म्हणजे रागानं हसले.
पोरी, पुरावा तू मला शिकवणार?
ऐकीव गोष्ट ग्राह्य नसते हे मला झोपेतही पाठ आहे.
ती म्हणाली, बरं. मग ती बाई
कशाला हसली, हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत?

बाहेर वारा पत्रे उचकटत होता.
माझी बोटं मांडीवर आपोआप टाइप करू लागली,
अक्षर मात्र एकही उमटेना.

तीन आठवडे चौथा रकाना कोरा.
पहिले तीन ओसंडून वाहत होते.
वैऱ्यानंही चिंतलं नसतं ते मी चिंतून,
समास सोडून, शिक्का मारून,
नीट फाइल करून ठेवलं होतं.

मग एका मंगळवारी लिहिलं:
बेकरीत जाईन. पडेन. पंच्याण्णव टक्के.

आमच्याकडे वारा सुटला की
चौकाच्या कडेनं दोर बांधतात.
माणसं त्याला धरून रस्ता ओलांडतात,
बँकेचा मॅनेजरसुद्धा, शाळेची पोरंसुद्धा.
दोर धरण्याची इथं कुणाला लाज नाही.
मी धरला. गुडघ्यांचं पाणी झालेलं,
छातीत टाइपरायटर.

पडले नाही.
काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून हसली.
मी विचारलं, का हसता?
आवाज कोर्टातल्यासारखा निघाला, बिचारी दचकली.
म्हणाली, सेन्योरा, टोपी उलटी घातलीय तुम्ही,
आतली चिठ्ठी कपाळावर आलीय.

म्हणजे हसली ती माझ्यावरच. नोंद घ्यावी.
पण चिठ्ठीवर हसली.
तेवढ्यानं कुणी फासावर जात नाही.

इव्हान्काला मीच फोन लावला.
खाणीत रात्रपाळी होती तिची, झोपमोड झाली, वैतागली.
मी लिहिलं: वैतागली.
पुढचं वाक्य बोटांवर आलं होतं,
ते लिहिलं नाही.

पंच्याण्णवाचे आता चाळीस झालेत.
चाळीसचं काय करू? मी विचारलं.
मिल्याराय म्हणाली, राहू देत.
हे तिचं मला अजून पटलेलं नाही.

पहाटे चारचा पुकारा अजून होतो.
मी दिवा लावते, चष्मा चाचपते,
वही उघडते, आणि आलेल्याला म्हणते,
बसा.
सावकाश बोला.
मला टाइप करायचंय.